घड्याळ साडेपाच तास मागे का पडतं? विंडोजशेजारी लिनक्स : वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले आहेत : असलेलं विंडोज न घालवता त्याच संगणकावर लिनक्स बसवणं, म्हणजेच ड्युअल बूट. उत्तरं देताना उबुंटू २४.०४ आणि लिनक्स मिंट २२ या लिनक्सच्या आवृत्त्या धरल्या आहेत; दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप नवा, विंडोज ११, ५१२ जीबीची एसएसडी आणि सगळी जागा एकट्या सी ड्राइव्हमध्ये. उबुंटूसाठी १०० जीबी काढायचे आहेत, पण डिस्क मॅनेजमेंट १८ जीबीच्या वर काही देत नाही. निम्मी डिस्क रिकामी असूनही! फॉरमॅट मारावं लागेल का?
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : अजिबात नाही. रिकामी जागा भरपूर आहे, पण ती सलग नाही. सी ड्राइव्हच्या मधेच कुठेतरी विंडोजच्या अशा काही फाइली बसलेल्या असतात, ज्या विंडोज चालू असताना जागची हलत नाहीत : हायबरनेशनची फाइल, पेजिंग फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. श्रिंक, म्हणजे ड्राइव्ह लहान, करताना विंडोज शेवटाकडून मागे येतं आणि अशी पहिली फाइल लागली की तिथेच थांबतं.

तरीही त्या फाइलींकडे वळण्याआधी एक काम उरका. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे जाऊन बघा. नव्या लॅपटॉपवर हे बहुतेक वेळा आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवलेली की ऐन वेळी काही कामाची नाही. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा, चार्जर लावलेला असू द्या. एवढं केलं नाही तर पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं की निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते, आणि की नसेल तर डेटा गेला असंच समजायचं.

आता त्या न हलणाऱ्या फाइली. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा द्या. याने हायबरनेशनची फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतं. तेही हवंच आहे, कारण पुढे येईल. नंतर सिस्टिम प्रॉपर्टीजमधून व्हर्च्युअल मेमरी 'नो पेजिंग फाइल' करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा (जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातील) आणि रीस्टार्ट करा. आता श्रिंकचा आकडा वाढलेला दिसेल. तो एमबीमध्ये भरायचा असतो : १०० जीबीसाठी १,०२,४००. मोकळी झालेली जागा 'अनॲलोकेटेड' म्हणूनच सोडा. तिथे नवा ड्राइव्ह बनवत बसू नका. काम झालं की पेजिंग फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या.

सी ड्राइव्ह लहान करायचा तो नेहमी विंडोजच्याच हत्याराने. लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही ते जमतं, पण आपल्या फाइली कशा हलवायच्या हे विंडोजला जास्त चांगलं कळतं, आणि मधेच वीज गेली तर होणारं नुकसानही कमी राहतं. पावसाळ्यात हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएसवरच करावं. आणि विद्यापीठाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर करूच नये.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. उबुंटूची फाइलच सुमारे ६ जीबीची आहे. ती उतरवल्यावर 'सर्टयूटिल -हॅशफाइल', पुढे फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' अशी आज्ञा देऊन येणारा आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. नेट मधे मधे तुटत असेल तर ही तपासणी टाळू नका, कारण अर्धवट उतरलेली फाइल बूट होते आणि इन्स्टॉलेशनच्या ऐन मध्यावर मान टाकते. ती फाइल पेनड्राइव्हवर चढवणाऱ्या रूफस या प्रोग्रॅममध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) ठेवा.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर आधी 'ट्राय उबुंटू'. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड हे सगळं तपासा. वायफाय चालत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक ठिकाणी नेट लगेच मिळतं आणि ड्रायव्हर त्यावरूनच उतरवता येतो. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' या पर्यायाकडे बघूसुद्धा नका, तो विंडोजसकट सगळं पुसतो. मॅन्युअल पार्टिशनिंग घ्या. मोकळ्या जागेत ५० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचं) पार्टिशन, माउंट पॉइंट एक तिरकी रेघ. उरलेल्या जागेत दुसरं ईएक्सटी४, माउंट पॉइंट होम. स्वॅपसाठी वेगळी जागा काढायला नको, उबुंटू स्वतःच स्वॅप फाइल बनवतं. आणि यादीत दिसणारं १०० किंवा २६० एमबीचं एफएटी३२ पार्टिशन, म्हणजे ईएसपी, बूटसाठी तेच वापरायचं पण त्याच्यापुढे फॉरमॅटची खूण चुकूनही करायची नाही. विंडोज सुरू करणारी फाइल त्यातच आहे. लिनक्स तिथे शेजारी आपलं वेगळं फोल्डर करतं, दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

एन्क्रिप्शन नंतर पुन्हा चालू करता येईल. मात्र त्यानंतर विंडोज लिनक्सच्या ग्रब मेनूतून (सुरुवातीला कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या यादीतून) उघडण्याऐवजी लॅपटॉपच्या बूट मेनूतून उघडत जा. ग्रबमार्गे गेल्यास बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून मिंट छान चालतं, पण इन्स्टॉल करताना लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसतो. डिस्क खराब आहे का?
— वाचक, कागल

उत्तर : विंडोज चालतंय म्हणजे डिस्क ठीक आहे. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट न दाखवता इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी या थराच्या मागे ठेवलेली असते. नव्या लिनक्स कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे, तेव्हा आधी मिंटची सर्वात ताजी आवृत्ती लावून बघा. तरीही नाही दिसली तर बायोसमध्ये तो थर बंद करून एएचसीआय, म्हणजे डिस्क थेट दाखवणारी पद्धत, निवडावं लागेल.

मात्र ते थेट केलंत तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत बंद पडेल, कारण सुरू होताना ते जुनाच ड्रायव्हर शोधतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. बिटलॉकरची की हाताशी घ्या. विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडा, बूट टॅबवर 'सेफ बूट – मिनिमल' निवडा आणि रीस्टार्ट करताच बायोसमध्ये शिरा. तिथे व्हीएमडी बंद किंवा साटा मोड एएचसीआय करून सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर आपला आपण उचलेल. मग एमएसकॉन्फिगमधली खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट, संपलं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, त्यामुळे खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय ना ते आधीच बघा. पुष्कळजण नेमके इथे अडकतात. बायोसमध्ये हा पर्यायच दिसत नसेल आणि लॅपटॉप एसरचा असेल, तर 'मेन' पानावर कंट्रोल-एस दाबून बघा, लपलेला पर्याय वर येतो.

प्रश्न : ऑफिसच्या संगणकावर विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत. मिंट वापरून परत विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. टॅलीतल्या नोंदींची वेळ चुकते, आणि पहाटे बसलं तर तारीखसुद्धा आदल्या दिवसाची येते. मदरबोर्डचा सेल बदलला, उपयोग नाही.
— हिशेबनीस, शाहूपुरी

उत्तर : सेलचे पैसे वाया गेले. मदरबोर्डवरच्या घड्याळात काय ठेवायचं यावर दोघांचं एकमत नाही, एवढंच. विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. मिंटने सकाळी दहा वाजता त्या घड्याळात साडेचार लिहून ठेवले आणि विंडोजने ते साडेचारच म्हणून वाचले. उलट दिशेने, म्हणजे विंडोजकडून मिंटकडे येताना, घड्याळ साडेपाच तास पुढे जातं. पण नेट मिळताच मिंट ते दुरुस्त करतं, म्हणून ते लक्षात येत नाही.

मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढी आज्ञा द्या. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा 'सिंक नाऊ' करा. ही आज्ञा दिल्यावर लिनक्स एक इशारा दाखवेल की स्थानिक वेळ ठेवणं चांगलं नाही. तो इशारा मुख्यतः वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही, तेव्हा खुशाल दुर्लक्ष करा. विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्यालाही यूटीसी पाळायला लावता येतं, पण दोन्हींपैकी एकच उपाय करायचा. दोन्ही केले तर पुन्हा फरक पडणार, या वेळी उलट्या बाजूने.

प्रश्न : विंडोज अपडेट झालं आणि लिनक्सचा मेनूच गायब. सरळ विंडोज सुरू होतं. दुकानात विचारलं तर 'लिनक्स उडालं, परत टाकावं लागेल' म्हणाले.
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : परत टाकू नका. यूईएफआय संगणकावर विंडोज लिनक्सची फाइल सहसा पुसत नाही, फक्त बूटच्या क्रमात स्वतःला वर नेऊन बसवतं. मशीन सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९ दाबा. येणाऱ्या यादीत 'उबुंटू' हे नाव असेल तर लिनक्स जागेवर आहे. मिंट वापरणाऱ्यांनाही तिथे 'उबुंटू' असंच दिसतं, त्याने गोंधळू नका. बायोसमध्ये जाऊन ते पहिल्या क्रमांकावर आणा.

यादीतून निवडल्यावर 'शिम एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं काही येऊन मशीन बंद पडत असेल, तर दुखणं वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या बूटलोडरवर बंदी घातली, तिचा हा परिणाम. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, 'सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' ही आज्ञा द्या, पुन्हा एकदा लिनक्सच सुरू करा, सगळे अपडेट घ्या आणि मग सिक्युअर बूट चालू करा. जुन्या पेनड्राइव्हवरची जुनी आवृत्ती बसवणाऱ्यांना हे हमखास भेटतं.

उलट तक्रारही येते : लिनक्सचा मेनू दिसतो, पण त्यात विंडोजच नाही. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवला आहे. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे; तिच्यात 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घाला, बरोबर चिन्हाच्या आधीचा भाग मोठ्या अक्षरांत आणि 'फॉल्स' लहान अक्षरांत. मग 'सुडो अपडेट-ग्रब'. आज्ञेच्या उत्तरात 'विंडोज बूट मॅनेजर' सापडल्याचं दिसलं की झालं.

प्रश्न : वर्कशॉपमधला डेस्कटॉप जुना आहे, विंडोज १० च्या पुढे जात नाही. कॅडचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, ते सोडता येत नाही. ईमेल आणि बँकेसाठी लिनक्स ठेवावं म्हणतो. सी, डी, ई असे ड्राइव्ह आहेत. डी लहान करून तिथे नवा ड्राइव्ह करायला गेलो तर 'डायनॅमिक डिस्क करू का' असं विचारतंय.
— लघुउद्योजक, उद्यमनगर

उत्तर : 'नाही' म्हणा. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन मावतात. सी, डी, ई आणि विंडोजचं छोटं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' मिळून तुमचे चार भरले असणार. पाचवं मागितलं की विंडोज डायनॅमिक डिस्कचा पर्याय पुढे करतं. एकदा 'हो' म्हटलंत की लिनक्सच्या इन्स्टॉलरचा मार्ग बंद होतो, आणि डेटा राखून मागे येणं फार किचकट आहे.

तुमच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे : पार्टिशनच्या फंदात न पडता २४० जीबीच्या आसपासची वेगळी साटा एसएसडी घ्या. लिनक्स बसवताना जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. केबल काढायचं कारण असं की उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरने दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पहिल्याच डिस्कवर टाकण्याची खोड दाखवलेली आहे. केबलच नसेल तर प्रश्नच मिटला. बसवून झालं की केबल जोडा आणि सुरू करताना बूट मेनूतून डिस्क निवडा. एक डिस्क उद्या गेली तरी दुसरी स्वतंत्रपणे चालू राहते, आणि कॅडच्या विंडोजला कोणी हात लावलेला नसतो.

आधी 'एमएसइन्फो३२' उघडून 'बायोस मोड' लेगसी आहे की यूईएफआय ते पाहून ठेवा. पेनड्राइव्ह बूट मेनूत दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' या शब्दासह आणि एकदा त्याविना. दोन्ही सिस्टिम एकाच मोडमध्ये बसवल्या की पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तेव्हा कॅडचं काम करताना डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्ड डिसेबल करून ठेवा. ड्रॉइंगची ने-आण पेनड्राइव्हने करायची ती आधी लिनक्समध्ये उघडून. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला आहे का, हे लिनक्सवर अवलंबून राहण्याआधी तपासा.

प्रश्न : छपाईचं काम आहे. डी ड्राइव्हवरच्या फाइली उबुंटूत उघडतात, पण सेव्ह होत नाहीत, 'रीड-ओन्ली' म्हणतं. आणि श्रीलिपीतला मजकूर तिकडे वाचताच येत नाही.
— डीटीपी ऑपरेटर, लक्ष्मीपुरी

उत्तर : पहिलं सोपं आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाऊन' केलेलं विंडोज खरं तर अर्धं झोपलेलं असतं आणि ड्राइव्ह अर्धवट स्थितीत सोडतं. लिनक्स ते ओळखून लिहायला नकार देतं, आणि ते तुमच्या भल्याचंच आहे; जबरदस्तीने लिहिलं तर विंडोज उठल्यावर फाइली खराब होतात. पहिल्या उत्तरातली 'पॉवरसीएफजी'ची आज्ञा द्या, विंडोज पूर्ण बंद करा, मग उबुंटू. तेवढ्याने सुटलं नाही तर विंडोजमध्ये डी ड्राइव्हवर एकदा 'सीएचकेडीएसके /एफ' चालवा. 'एनटीएफएसफिक्स' ही लिनक्सची आज्ञा सीएचकेडीएसकेची जागा घेत नाही, नावावर जाऊ नका.

दुसऱ्यावर ड्युअल बूट हा इलाज नाही. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नाही, की मजकूर नाही. आणि पानं लावायचं पेजमेकर तर लिनक्ससाठी आलंच नाही. चालू असलेलं छपाईचं काम विंडोजवरच ठेवा. नवा मजकूर मात्र युनिकोडमध्ये घ्यायला लागा : उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग इनपुट सोर्स इथे मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट मिळतं आणि तो मजकूर दोन्हीकडे सारखाच दिसतो.

प्रश्न : सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स हवंय. ड्युअल बूट करू का?
— विद्यार्थी, जयसिंगपूर

उत्तर : नको. विंडोज ११ मध्ये टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्या आणि रीस्टार्ट करा. उबुंटू विंडोजच्या आतच चालेल, जीसीसी आणि शेल स्क्रिप्टला ते पुरेसं आहे. चूक दाखवली तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा.

प्रश्न : लॅपटॉप विकायचा आहे. उबुंटूचं पार्टिशन विंडोजमधून डिलीट केलं, आता काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येतं.
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ग्रबची सुरुवातीची फाइल ईएसपीत आहे, पण तिला लागणारं बाकी सगळं त्या डिलीट केलेल्या पार्टिशनमध्ये होतं. बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, विंडोज उघडेल. मग बायोसमध्ये तेच पहिल्या क्रमांकावर आणा. ज्यांनी अजून काही डिलीट केलेलं नाही त्यांनी हेच आधी करावं, पार्टिशन नंतर.

उरलेल्या 'उबुंटू'च्या बूट फाइली काढायच्या असतील तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिस्कपार्ट' उघडा. 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन १०० किंवा २६० एमबीचं एफएटी३२ व्हॉल्यूम शोधा, ते 'सिलेक्ट' करा, 'असाइन लेटर=एस' द्या आणि बाहेर या. एस ड्राइव्हच्या 'ईएफआय' फोल्डरमधलं फक्त 'उबुंटू' हे फोल्डर पुसा. शेजारच्या 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' या फोल्डरांना हात लावायचा नाही. काम झाल्यावर 'रिमूव्ह लेटर=एस'.

मोकळी जागा सी ड्राइव्हला जोडताना 'एक्सटेंड व्हॉल्यूम' पुसट दिसत असेल तर मधे विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आडवं आलेलं आहे. विकायचाच आहे तर ते हलवत बसू नका. मोकळ्या जागेत वेगळा डी ड्राइव्ह करून द्या.